डाव्या हातानं उघडणारी पिशवी

१४ जानेवारी, रविवार

झिप नको! प्रेरणाला फोनवर किती वेळा सांगितलं, तरी पोरीनं रायपूरहून झिपवालीच पाठवली. दिसायला देखणी. आत गादी, बाहेर खिसा, खिशाला आणखी खिसा. पण एका हातानं झिप ओढली की अख्खी पिशवीच मागं मागं येते. तिला धरायला दुसरा हात लागतो. आणि ह्यांचा उजवा हात मे महिन्यातल्या लकव्यापासून मांडीवर पडून आहे.

"आई, बाबा को ट्राय तो करने दे," म्हणे. करू दिलं. हे झटले, झटले, शेवटी पिशवी दातात धरली. मी ओरडले.

"मास्तरीण, मांजरीवानी दिसून राहिलो का मी?"

परत पाठवते.

१५ जानेवारी

संक्रांत. तिळाचे लाडू कडक झाले. "मी स्टील प्लँटमंदी फिटर होतो तवा दिले असते तं बेअरिंगमंदी बसवले असते." तरी चार खाल्ले!

कॅमेऱ्याचं लिहायचं राहिलं. प्रेरणा शाळेत जायला लागली तेव्हा घेतलेला, मुठीएवढा, रोलवाला. दिवाळीच्या साफसफाईत सापडला. प्रेरणानं कुठून तरी रोल आणून दिला. लकव्यानंतर हे फाटकाबाहेर गेलेले नाहीत. जा म्हटलं की, "हे ध्यान कोणाले दाखवू?" पण कॅमेरा हातात आला आणि गेल्या आठवड्यात आपणहून विचारलं, "तलावावर बदकं आली असतीन नाई?"

मी सोबत येते म्हटलं. लगेच, "मंग राहू दे."

म्हणजे एकट्यानंच जायचं आहे. ठीक. डाव्या हातात काठी, आणि गळ्यात लटकवला तर चालताना हेलकावे खातो, म्हणून कॅमेरा पिशवीत हवा. काठी मनगटाला अडकवायची, त्याच हातानं पिशवी उघडायची, कॅमेरा काढायचा, परत ठेवायचा, बंद करायची. एवढीच अट. अख्ख्या भिलाईत अशी एक पिशवी नसावी?

२१ जानेवारी, रविवार

सुपेल्याच्या बाजारात गेले. उजवा हात पदरात घट्ट गुंडाळला आणि डाव्यानं एकेक पिशवी उघडून पाहिली. नाड्यावाली — नापास. बक्कलवाली — नापास. टिचबटनाची उघडते, पण लावायला दोन हात. नापास. दुकानदार हळहळला. "माताजी, हाथ को क्या हो गया?" कुछ नहीं हुआ म्हटलं आणि पदरातून हात काढून पैसे दिले. बघतच राहिला!

आणली ती चिकटपट्टीची. पाहू.

२३ जानेवारी

चिकटपट्टी नापास. ओढली तर सुटेना. जोर केला तर पिशवी उलटी, कॅमेरा गादीवर. बरं, गादीवर!

"सोड नं. नाई जात मी कुठी."

"गप बसा. पिशवी नापास झाली, तुम्ही नाही."

शाळेत पोरांना असं कधी म्हटल्याचं आठवत नाही.

२५ जानेवारी

माझी जुनी पर्स दिली. "आता बांगड्याबी दे." नापास.

३० जानेवारी

आज ह्यांनीच ट्रंक उघडायला लावली. तळाशी प्लँटचे चामड्याचे हातमोजे. कोरी जोडी, कोपरापर्यंत लांब. रिटायर झाले तेव्हाची.

"हे चामडं हाय! फाटत नाई, जळत नाई. यातून शिवून आण." आणि उजवा मोजा माझ्यापुढं टाकला. "हा काप. याले आता का काम हाय?"

सहज म्हणाले. दाढीला गरम पाणी मागावं तसं.

डॉक्टरांनी सांगितलंच होतं — जे यायचं ते सहा महिन्यांत येतं, पुढं फार आशा धरू नका. सहा महिने कधीच होऊन गेले. रबरी चेंडू दाबायला दिला आहे. रोज विचारते, रोज "दाबला" म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

उजवा मोजा उचलून ट्रंकेत ठेवला. कुलूप लावलं. डावा घेतला.

"कावून वो?"

"डावा मऊ आहे."

दोन्ही सारखेच आहेत.

२ फेब्रुवारी

सेक्टर दहाच्या बाजारात टिकाराम चांभार बसतो. मोजा पाहून हळहळला. "नवा-नवा दस्ताना काटूँ क्या, दीदी?" काट म्हटलं. झिप नाही, बटन नाही, नुसतं लांब झाकण. पण वाऱ्यानं उडेल, हा त्याचा मुद्दा खरा. घरी येऊन ह्यांना सांगितलं. लगेच ड्रॉवरमधून लोखंडी नट काढून दिला. "झाकणाच्या टोकाले शिवून टाक म्हना. आपल्या वजनानं पडते."

किती दिवसांनी ह्यांचा फिटरी आवाज ऐकला.

४ फेब्रुवारी

पास! बोटानं झाकण उचललं, कॅमेरा बाहेर. सोडलं, टप्पकन बंद. वेडीवाकडी शिवण, वास प्लँटचा. पास म्हणजे पास.

मग नवीनच अडचण. कॅमेऱ्याचं बटन उजवीकडं! डाव्या हाताची बोटं तिथं पोचेनात. मी कपाळाला हात लावला. ह्यांनी शांतपणे कॅमेरा उलटा केला, खालचं वर. बटन डाव्या अंगठ्याखाली. "फोटो उलटा येइन तं कागद फिरवून पाह्य."

५ फेब्रुवारी

गेले. एकटे. काठी, टोपी, पिशवी.

मी फाटकापाशी जास्वंदीची फुलं तोडत होते. सगळी तोडून झाली. मग कळ्या तोडल्या. आले!

"झाडाचं वाटोळं केलं नं?"

१२ फेब्रुवारी

रोज जातात. आज दोन बदकं, एक म्हैस आणि बँडवाल्यांचा फाटका ढोल, असा हिशेब सांगितला. एका माणसानं उलट्या कॅमेऱ्यावर हटकलं तर म्हणाले, "बदक को उल्टाच पसंद है."

भाकरी एक जास्त लागते आता.

१९ फेब्रुवारी

आज जीवच गेला माझा! फाटकाशी होते, चष्मा आत राहिलेला. रस्त्याच्या कोपऱ्यावर हे दिसले आणि काठी उंच, हवेत. काठी टेकलेली नाही म्हणजे तोल गेला! तशीच धावले. चप्पल वाटेत सुटली. जाऊन पाहते तर हे नीट उभे, हसताहेत. कॅमेरा गळ्यात, छातीवर. पिशवीचं झाकण उघडं.

"काठी वर कशाला केली? आणि पिशवी उघडी! एवढी खटपट करून शिवली ती उघडी ठेवायला?"

"तुले हाक मारून राहिलो होतो."

"तोंड आहे ना?"

वाटेतली चप्पल उचलली आणि तरातरा पुढं निघाले. हे मात्र सारखे हसत होते. चिडवण्याची पण हद्द असते.

२६ फेब्रुवारी

रोल संपला. सेक्टर दहाच्या स्टुडिओत देऊन आले. धुवायला नागपूरला जातो म्हणे.

ह्यांना चैन नाही. दिवसातून दोनदा, "आले का वो?"

१० मार्च, रविवार

स्टुडिओवाला म्हणाला, "अंकलजी ने सब उल्टा खींचा है. बस एक सीधा है."

तो एक घरी येऊन चष्मा लावून पाहिला. आमचा रस्ता. लांब मी — पदर सुटलेला, एका पायात चप्पल, धावत येते आहे. आणि अगदी जवळ, कडेला, उंच धरलेली काठी. काठीवर ह्यांचा हात.

डावा.

मग बटन—!

उजवा मोजा ट्रंकेतून काढला. उन्हात टाकला आहे.