पाठकोरं पान

सौरभसर,

"पर्यावरणवाला क्लायंट म्हणजे हिरवं पान," म्हणत तुम्ही लोगोसाठी मी काढलेली तिवरांची मुळं बाद केलीत. त्याच दिवशी मी नोकरी सोडली.

आज घणसोलीच्या खाडीतली तिवरांची खारफुटी राखणाऱ्या बायकांच्या संस्थेने लोगो निवडला. समोर तुमच्या कंपनीचं पान होतं आणि मी स्वतःच नेलेली, चिखलातून वर आलेली माझी मुळं. अध्यक्ष मुक्ताबाई पान बघून खो खो हसल्या. "यो त आंब्याचा पान हाय!" मग मुळांवर बोट ठेवलं, "ही बग आमची तिवरा!" टाळ्या पडल्या, सर.

तुमच्या पानाची प्रिंट मी मागून आणली. त्याच पाठकोऱ्या कागदावर हे लिहितेय. पाठवणार नाही. खाली चार बोटं जागा उरलीय, तिथे पुढचा लोगो काढायचाय.

मुळासकट आभारी,
योगिनी