मदतीची रक्कम घरात राहावी म्हणून

उस्मानपुरा,
रविवार

प्रिय प्रेरणा,

कन्नडला माहेरी गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

मुळात तो चेकवाटपाचा कार्यक्रमच मला अजून पचलेला नाही. बॉम्बस्फोटात शिवम गेला, माझा मुलगा आणि तुझा नवरा, आणि सरकारी मदत द्यायला आपल्याला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. निवेदक म्हणतो, जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या. कशाबद्दल, बाबा? आणि दारातली ती तबक घेतलेली मुलगी. कुंकवाचं बोट तुझ्या कपाळापर्यंत आणलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. विधवांच्या कार्यक्रमाला हळदीकुंकू ठेवणाऱ्यांना आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी दिवसभर बाकावर उभं केलं असतं. तू मात्र त्या पोरीलाच म्हणालीस, असू दे गं, चुकून झालं.

घरी आल्यावर तू गप्प झालीस, ती त्या बोटामुळे असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी माहेरी निघालीस, मी अडवलं नाही.

आज काकासाहेब आले. माझे सख्खे दीर, हातात पेढे. म्हणाले, वहिनी, प्रेरणा तयार हाय. आपल्या बद्रीनाथशी साध्यात उरकून टाकू, म्हंजी सरकारचा पैसा घरातल्या घरात राहील. पोरीला विचारलंत कधी, म्हटलं. तर कार्यक्रमाच्याच दिवशी संध्याकाळी, मी औषधं आणायला गेले होते तेव्हा, स्वयंपाकघरात. ज्या कपाळाला सकाळी कुंकू लावायला माणसं कचरली, त्यावर संध्याकाळी यांनी स्वतःच्या मुलाच्या नावाचं कुंकू ठरवूनही टाकलं. मी पेढे परत त्यांच्या हातात दिले आणि दार दाखवलं. जाता जाता म्हणतात, तिला सांगितलंय ना, तुमचीच इच्छा हाय म्हणून.

त्यासाठी हे पत्र. माझ्या शब्दाखातर तू होकार दिला असशील, तर तो शब्द माझा नव्हता. चेक तुझ्या नावाचा आहे, तुझ्याच खात्यात भर. पुढच्या रविवारी ते तुझ्या वडिलांकडे तारीख धरायला येणार आहेत. मी शनिवारीच पहिल्या एसटीने पोचते. लग्न करायचं तर मनाला येईल त्याच्याशी कर, नसेल करायचं तर नको करू. आणि बद्रीनाथच खरोखर आवडत असेल, तर तसं मला तोंडावर सांग. मी अक्षता टाकायला येईन. रक्कम तरीही तुझ्याच खात्यात राहील.

तुझीच,
आई