सतलजवर उभी

प्रिय आई,

तू फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. जयंतदादाला सांगितलंय, चहाच्या कपाखाली ठेव म्हणून. घाबरू नकोस, ऑपरेशनचं काही विचारणार नाही. माझाच पराक्रम ऐक.

रविवारी आम्ही युनिटच्या बायका चंडीमंदिरच्या छावणीतून रोपडला सतलजवर गेलो होतो. तिथे नवं खूळ निघालंय. पाण्यावर तरंगणाऱ्या रुंद फळीवर उभं राहायचं आणि लांब वल्हं मारत जायचं. मी मनात ठरवलं होतं, आपण काठावर बसून पराठे सांभाळायचे. पण हर्षवर्धन आता युनिटचा कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, आणि इथे सीओंच्या बायकोने घास घेतल्याशिवाय बाकीच्या ताटाला हात लावत नाहीत. सगळ्या लाईफ जॅकेट चढवून उभ्या, पहले मॅडम! मी उतरले नसते तर एकीलाही उतरता आलं नसतं. मला पोहता येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

वारा सुटला होता, नदी नुसती उसळत होती. गुडघ्यांवर बसले तोवर ठीक होतं. उठायला गेले आणि थेट पाण्यात. नाकातोंडात सतलज! वर आले तर काठ चिडीचूप. सीओंची बायको पडल्यावर हसायचं की नाही, हेच कुणाला ठरवता येईना. सगळ्यांत नवी रागिणी टॉवेल तोंडात कोंबून लालबुंद झाली होती. शेवटी मलाच हसू फुटलं, तेव्हा कुठे बाकीच्या हसल्या.

पुन्हा चढले, पुन्हा पडले. फळीवर ओणवी होऊन पायांकडेच बघत बसले होते, तेवढ्यात शिकवणारे सरदारजी ओरडले, मॅडमजी, पैर मत देखो, सामने देखो! आई, शप्पथ सांगते, मला कराडच्या शाळेचं मैदान दिसलं. पदर खोचून, गळ्यात शिट्टी अडकवून माझ्या सायकलमागे धावणारी पीटीची बाई दिसली, म्हणजे तूच. तूही हेच ओरडायचीस. मी पलीकडच्या काठावर नजर लावली आणि उभी राहिले. उभी, आई! खालून लाटा धडका देत होत्या आणि मी वल्हं मारत चालले होते. परत आले तेव्हा सीनियर-ज्युनियर विसरून सगळ्या शिट्ट्या मारत होत्या. एवढा आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

दादा सांगतो, खुब्याचं ऑपरेशन छान झालंय, डॉक्टर चाला म्हणतात, पण तू पलंग सोडत नाहीस. वॉकरवर टॉवेल वाळतात म्हणे. पुन्हा पडशील, हीच भीती ना? ती मला आता चांगली कळते. पण अख्ख्या शाळेला ताठ उभं करणारी बाई अशी पडून राहिलेली मला बघवत नाही गं. पुढच्या महिन्यात मी येते आहे. दादाला बजावलंय, बेल वाजली तरी त्याने जागचं हलायचं नाही. टॉवेल काढ. पायांकडे बघू नकोस. दार तू उघडायचंस.

तुझीच, भिजलेली पण उभी,
सुनेत्रा