धुतलेला कोट

ताई,

धाकटीचा नमस्कार. आम्ही सुखरूप आहोत. वणवा गल्लीच्या तोंडाशी आला आणि वारा फिरला, म्हणून घर आणि शिवणाचं दुकान दोन्ही वाचलं. आईला एवढंच सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

पुढचं फक्त तुला. मला पलीकडच्या बेकरीवालीचा हेवा वाटतो. बेकरी वाचवायला मागे राहिलेला तिचा नवरा गेला, ते वाईटच झालं. पण तिला भरपाई मिळतेय, नव्या चादरी येतायत, जो तो विचारपूस करतोय. आमचं काही जळलं नाही, म्हणून आमच्याकडे कोणी फिरकत नाही. अर्धं गाव उठून गेलं, आता कपडे शिवायला टाकणार कोण? मशीन नुसतं धूळ खातंय.

काल ती नवऱ्याचा कोट न्यायला आली. बाह्या आखूड करायला आगीच्या आधीच टाकला होता. धुराचा वास जावा म्हणून मी तो धुऊन, कडक इस्त्री करून ठेवला होता. म्हटलं, आता तरी माझं कौतुक होईल.

तिने तो बराच वेळ नाकाशी धरला. मग हळूच म्हणाली, "धुतलास होय?"

आज कातरणांच्या डब्यात त्या बाह्यांची कापलेली टोकं सापडली. न धुतलेली. पत्र टाकायला जाताना तिला देऊन येते.

हेवा काही गेलेला नाही, ताई. पण डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवलंय.

तुझीच,
धाकटी