कोंबडीच्या पोटाचे टाके

आत्याबाई, तुमच्याशी बोलायला बसलेय, पण मध्ये माझी सून बसलीय वही घेऊन. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हालाही येत नव्हतं, म्हणजे हे वाचायला तिकडं तुम्हालाही कुणीतरी धरून आणावं लागेल. तिकडं सुना असतात का? असल्या तर तुमचं काही खरं नाही. सून विचारतेय, "आई, हे पण लिहू?" मी म्हटलं, मी बोलते ते सगळं लिहायचं, खोकला सोडून. आज तिला सुट्टी आहे, मशीनमध्ये कपडे फिरतायत, तेवढ्या वेळात जेवढं होईल तेवढं.

आपली अंबरनाथची खोली सुटून बरीच वर्षं झाली. आता बदलापूरला मांजर्लीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मुद्दाम तिसरा घेतला. पावसाळ्यात नदी खालच्या गाड्यांपर्यंत येऊन बघून जाते. तुमचा नातू चाकणला नोकरीला आहे, पंधरा दिवसांनी येतो आणि आला की झोपतो. पणती शिकायला बंगळूरला. सून सकाळी साडेसहाला बाहेर पडते ती रात्रीचं जेवण करायच्या वेळेला घरात येते. मधले सगळे तास मी आणि कापड. लिफ्टचा आवाज आला की ती कितव्या मजल्याला थांबली ते मला न बघता कळतं. आमच्या मजल्याला थांबते, नाही असं नाही, पण ते समोरच्यांचं पार्सल असतं.

शिवण मला तुमच्या घरी सून म्हणून आल्यावर आलं. माहेरी माझ्या डाव्या हाताला सगळे नावं ठेवायचे. आईनं तर लहानपणी तो पदरानं बांधून ठेवला होता, म्हणजे उजवा शहाणा होईल. उजवा काही शहाणा झाला नाही, डावा तेवढा भित्रा झाला. तुम्ही तीन दिवस माझी सुईशी चाललेली झटापट बघत राहिलात, आणि चौथ्या दिवशी म्हणालात, "माझ्या शेजारी बसू नकोस. समोर बस. आरशात बघतीस तसं मी करते ते कर." मी समोर बसले. खोली एवढीशी, आपले गुडघे एकमेकींना लागायचे. तुमची सुई उजवीकडून यायची, माझी डावीकडून. मी घाबरत विचारलं, "डाव्या हातानं चालेल?" तुम्ही दोरा दातानं तोडत म्हणालात, "नैवेद्य उजव्या हातानं दाखव. कापडाला काय कळतंय कुठला हात ते."

उल्हासनगरच्या पडद्यांच्या दुकानात उरलेले तुकडे आपण गोणीनं आणायचो आणि त्याच दुकानात लोड, उश्या, हत्ती, ससे शिवून द्यायचो. काय एकेक छापा असायचा. गुलाब एवढाले, की एका उशीवर एकच मावावा. तळी, होड्या, पोपट. हत्तीच्या कपाळावर होडी चालते, पण सशाच्या ढुंगणावर पोपट येता कामा नये, हे शास्त्र तुमचं. कापड उलट्या बाजूनं शिवायचं, पोटाला चार बोटं तोंड ठेवायचं, त्यातून सुलटं काढायचं, कापूस भरायचा आणि शेवटी ते तोंड हातानं बंद करायचं, हे तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं. मी नव्या नवरीच्या उत्साहात पहिल्या हत्तीला तोंडच ठेवलं नाही, चारी बाजूंनी शिवून टाकला. तुम्ही तो चपटा हत्ती हातात धरलात, उलटापालटा केलात. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही म्हणालात, "बाई गं, ह्याला आता जन्मभर आतलीच फुलं बघत बसायचं." आणि माझ्या मांडीवर टाकलात. "उसव. सुनेला आधी उसवायला यावं, मग शिवायला."

मग पुढं तुमची नजर गेली. एकदम नाही, तुम्ही पाहुण्यांच्या पाठीमागं दार लावायचात तशी, हळू, आवाज न करता. मोतीबिंदू काढला तरी मागचा पडदाच खराब निघाला. हात मात्र थांबले नाहीत. रोज शिवायचात. टाका कधी बोटभर लांब, कधी एकावर एक चार, लोडाची कड अशी जायची की कुठं निघाली आणि कुठं पोचली कळू नये. मी तसाच माल घेऊन उल्हासनगरला गेले. शेटनं लोड गल्ल्यावर ठेवला, लांबून बघितला, जवळून बघितला. म्हणाला, "बहनजी, ये लोड है के खंडाला घाट? गिऱ्हाइक टेकेगा तो सीधा खोपोली में उतरेगा." दुकानात पाचसहा बायका होत्या. सगळ्या हसल्या. आमच्या चाळीतली एक होती, ती जरा जास्त हसली.

त्या आठवड्यापासून मी तुमचं काम उसवायला लागले. तुम्ही दुपारी शेजारणीचा हात धरून देवळात भजनाला जायचात, तेवढ्यात. तुमचा दोरा काढायचा, माझा घालायचा, उसवलेले दोरे चुलीच्या राखेत ढकलायचे. परत आल्यावर तुम्ही विचारायचात, "शेट काय म्हणाला?" आणि मी सांगायचे, "म्हणाला, माताजींचा हात अजून तसाच आहे." तुम्ही मान हलवायचात. मला वाटायचं, झालं समाधान.

एकदा तुम्ही पाठवायचा लोड मांडीवर घेतलात. मी स्टोव्हला पिन मारत होते. तोंड शिवलेल्या जागेवरून तुम्ही अंगठा फिरवलात. मग परत एकदा, उलटीकडून. मी पिन उगीच जोरजोरात मारायला लागले. तुम्ही लोड बाजूला ठेवलात, वरून दोन थापा दिल्यात, झोपलेल्या पोराला देतात तशा. दोन दिवसांनी तुमचं बोटात घालायचं पितळेचं अंगुस्तान माझ्या सुयांच्या डब्यात निघालं. मी विचारलं तर म्हणालात, "बोटं दुखतात गं. मी आता नुसता कापूस भरते." खरं सांगते आत्याबाई, मला बरं वाटलं. उसवायचं काम वाचलं, एवढंच डोक्यात आलं. मग चार वर्षं तुम्ही त्या कोपऱ्यात कापूस भरत बसलात. डोक्यावर कापूस कुठला आणि केस कुठले हे कळायचं नाही. सुई परत कधी मागितली नाहीत.

ही गोष्ट मी घरात वेगळी सांगत आले. म्हातारीचं मन मोडू नये म्हणून मी गुपचूप सगळं नीट करून द्यायचे, असं. माझ्या सुनेलाही लग्न झाल्यावर हेच सांगितलं, दहा वेळा सांगितलं असेल. ती म्हणायची, "आई, किती केलंत तुम्ही त्यांच्यासाठी." मी गप्प बसून कौतुक करून घ्यायचे. तुमच्यासाठी काही नव्हतं केलं. त्या दुकानात, त्या चाळीतल्या बाईसमोर मला परत हसं करून घ्यायचं नव्हतं. बस.

आता इकडचं सांगते. मी अजून शिवते. अंबरनाथ पूर्वेला एक बाई लहान मुलांच्या वस्तूंचं दुकान चालवते, सून शनिवारी कामावरून येताना पिशवी तिच्याकडं देते. घरी आल्यावर मी विचारते, काय म्हणाली? सून म्हणते, "आजींचा माल हातोहात जातो म्हणाली." माझीही नजर आता धुरकट झालीय, पण मी म्हणायचे, हात चांगला आहे, हात घराण्यातला आहे. मागच्या शुक्रवारी कात्री सापडेना म्हणून मी त्या पिशवीत हात घातला. हाताला माझीच कोंबडी लागली, मंगळवारी पुरी केलेली, केळीच्या पानांच्या छाप्याची. पोटावरून बोट गेलं आणि थांबलं. माझे टाके डावीकडं कलतात. तुमच्यासमोर बसून शिकले, पण हात डावा तो डावाच, टाका त्याच्याच बाजूला झुकणार. हे उजवीकडं कललेले. आणि सारखे, एका मापाचे. एवढे सारखे टाके मी तरुणपणीसुद्धा घातले नाहीत. मग कासव काढलं. मग दोन उश्या. सगळ्या पिशवीत माझा एक टाका नव्हता. मी जसं होतं तसं परत भरून ठेवलं आणि कात्री तशीच न शोधता बसून राहिले. लिफ्ट दोनदा वर गेली, दोनदा खाली आली.

तुमचा तो अंगठा मला त्या दिवशी कळला. तुमचे टाके उजवे, माझे डावे; तुम्हाला पहिल्याच फेरीत समजलं असणार. उलटीकडून फिरवलात तो खात्री करायला. आणि खात्री झाल्यावर माझी चोरी पकडायच्या ऐवजी सुईच खाली ठेवलीत. मला विचारायचंय ते एवढंच. तुम्हाला राग आला होता का? का फक्त, मला शुक्रवारी वाटलं तसं, भर दुपारी घरात कुणी नाही असं वाटलं?

सूनबाई थांबलीय. पेन हातात आहे पण चालत नाही. मी म्हटलं, लिही गं. ती म्हणाली, "आई, सॉरी. ती दुकानवाली बोलली होती काहीतरी, म्हणून मी..." मी म्हटलं, काय बोलली? "जाऊ दे ना." बोल, मी घाट ऐकलाय. तिनं खाली बघत सांगितलं, "बोलली, ही कोंबडी आहे का पपई." मला हसू आलं. दुकानवाली शेटच्या तोडीची नाही, पण बरी आहे. सून हसली नाही. तिनं डोळ्यांना ओढणी लावली आणि म्हणाली, "तुम्हीच तर सांगायच्या ना, त्यांचं मन राखायला तुम्ही कसं करायच्या. मला वाटलं असंच करतात." हे पण लिही म्हटलं. लिहिलं तिनं.

आत्याबाई, तुम्ही अंगुस्तान माझ्या डब्यात टाकून मला मोकळं केलंत. माझं मन तेवढं मोठं नाही. कापूस भरायला सकाळचा एक तास पुरतो. पुढच्या तासांचं काय करायचं? सुनेला सांगितलं, मी सुई ठेवणार नाही. तू उसव, खुशाल उसव, पण माझ्यादेखत उसव, म्हणजे कुठं चुकलं ते तरी सांगशील, दोघी बसू. ती म्हणाली, "हो आई, बसू ना." मग म्हणाली, "पण रविवारचीच सुट्टी असते हो, आणि कपडे असतात." खोटं नाही बोलली. मशीन तेवढ्यात वाजलंच.

हे पुढचं पुढच्या रविवारचं. आठवडाभर वही माझ्याकडंच होती. पाठवायची कुठं, तुम्ही पत्ता ठेवून गेला नाहीत. सून कामाला गेली की मी पान उघडते. अक्षरं म्हणजे मला मुंग्यांची रांग. वरून बोट फिरवलं तर सपाट, कुठं काही कललेलं लागत नाही. मी बोलले तेच हिनं लिहिलंय का इथंही माझं उसवून स्वतःचं नीट घालून ठेवलंय, ते मला कधी कळायचं नाही. बुधवारी सहज पान उलटं केलं. मागच्या बाजूनं पेन हाताला लागतं. सगळीकडं हलकं आहे, पण एका जागी दोन ओळी एवढ्या दाबून लिहिल्यात की कागद फाटायचा राहिलाय. त्या कुठल्या, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. रोज दुपारी अंगठ्यानं ती जागा शोधते आणि मी काय काय बोलले होते ते आठवत बसते, की यातलं कुठलं हिला लागलं असेल. आणि सूनबाई, तू आता ऐकलंस म्हणून त्या ओळी वाचून दाखवू नकोस. दाखवलंस तर उद्या दुपारी मी काय करू.