पाठीवरची चिठ्ठी

बाई, आज माझ्या वर्गात एक मुलगी बेडकासारख्या उड्या मारत फळ्यापर्यंत गेली आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. मी डी.एड. केलं, शिक्षिका झाले, हे तुम्ही पाहिलंच नाहीत.

कबनूरच्या आपल्या शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू झालं. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात आम्ही स्पेलिंगं घोकायचो आणि चाचणी झाली की विसरायचो. एक दिवस तुम्ही पुस्तकं दप्तरात ठेवायला लावलीत आणि प्रत्येकाच्या पाठीवर टाचणीनं एकेक चिठ्ठी लावलीत. आपल्या पाठीवर कोणता शब्द आहे ते इंग्रजीत प्रश्न विचारून ओळखायचं, बाकीच्यांनी नुसतं येस नाहीतर नो म्हणायचं. मी भिंतीला पाठ लावून उभी. तुम्ही जवळ आलात, खांद्याला धरून मला पुढं केलंत आणि म्हणालात, "चुकलं तर चुकू दे. तोंड तर उघड की." मी विचारलं, आय ॲम रेड? येस. आय ॲम ईट? सगळा वर्ग हसला, तुम्ही हसला नाहीत. माझ्या चिठ्ठीवरचा टोमॅटो हा शब्द मी रोजच बोलत होते, तो इंग्रजी आहे हे त्या दिवशी कळलं. घरी जाऊन मागावर काम करणाऱ्या वडिलांना सांगितलं, तुम्हालाबी इंग्रजी येतं: बॉबिन, बीम, मोटर. ते आधी हसले आणि मग जेवताना स्वतःच आणखी शब्द आठवत बसले.

आता मी शाहूवाडीकडं तिसरीला शिकवते. ही मुलगी जूनपासून इंग्रजीच्या तासाला एक अक्षर बोलली नव्हती. घरात लई बोलती, असं तिची आई सांगायची. आज तिच्या पाठीवर फ्रॉग होता. कॅन आय फ्लाय? नो. कॅन आय स्विम? येस. शेवटी तिनं हळूच विचारलं, "कॅन आय जंप?" सगळा वर्ग येस म्हणून ओरडला आणि ती 'आय ॲम फ्रॉग' म्हणत उड्या मारतच सुटली. मधला 'अ' राहिला होता. मी राहू दिला.

गोंगाट ऐकून मुख्याध्यापक आले. वाटलं, आता बोलणी बसणार. पण ते दारात उभं राहून बघत राहिले आणि तास संपल्यावर म्हणाले, "हे तुम्हाला सुचलं तरी कसं?" तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "सुचलं, सर."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. ते कौतुक मला एकटीला हवं होतं, बाई.