विहिरीत सोडलेला टॉर्च

दिघोरी,
२ सप्टेंबर २०२४

चि. खुशबू हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे. तू कारध्याला बचाव पथकात गेलीस त्याला उन्हाळा आणि निम्मा पावसाळा झाला, पण बी.ए. झालेल्या मुलीने पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून वैनगंगेच्या तळाशी का जावं, हे मला अजून समजलेलं नाही. सुगतला विचारलं तर तुझा बाप म्हणतो, ताई, पोहायले तर तूच धाडलं होतं तिले. पोहायला धाडलं होतं, बुडायला नाही. एवढं ऐकवलं तर तो धानाच्या बांधीत पाणी बघायला निघून गेला. निर्णय नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात.

आपलं ठरलेलं तुला आठवत असेलच. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊ तोवर हे काम करून बघ. पुढे तिथेच राहायचं की बँकेच्या परीक्षेला बसायचं, ते मी सांगेन. तुझी आई गेल्यापासून तुझ्या बाबतीत मी घाईने काही ठरवलेलं नाही, हेही ठरवणार नाही. पण माझं मत तुला माहीत आहे.

तू लिहितेस की पथकात चांगला टॉर्च एकच आहे, तो भूपेंद्र सरांकडे असतो आणि बाकीचे पाण्यात चाचपडत असतात. हे वाचून मी लाखांदूरला भय्याजींच्या दुकानात गेले. पाण्यात चालणारा टॉर्च मागितला. त्यांनी विचारलं, पावसातला का? मी म्हटलं, पाण्याखालचा. मग त्यांनी मोबाईलवर शोधून दाखवले. एकावर लिहिलं आहे 'शंभर मीटर'. म्हणजे उजेड शंभर मीटर जातो, की टॉर्च शंभर मीटर खाली जातो? दुसऱ्यावर 'दहा हजार लुमेन'. लुमेन म्हणजे काय, आणि इतके कशाला हवेत? एका महागड्याच्या किमतीत स्वस्तातले पाच येतात. असं का, ते भय्याजींना ठाऊक नाही. मला तर नाहीच. सविस्तर लिही. फोन करू नकोस, मला फोनवर एक अक्षर ऐकू येत नाही.

जेवणात भाजी असू दे. लोभ आहे म्हणून रागावते, हे ध्यानात असावं.

तुझी आत्या,
बेबीनंदा


कारधा,
७ सप्टेंबर २०२४

ती. आत्याबाई यांस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचून अमरला दाखवलं. अमर म्हणजे माझ्याबरोबर पाण्यात उतरतो तो. तो म्हणाला, तुझी आत्या पथकात पाहिजे होती, नदी घाबरून बाजूला झाली असती.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. शंभर मीटर म्हणजे टॉर्च तेवढ्या खोलीपर्यंत पाणी आत घेत नाही, असं विकणारा म्हणतो. स्वस्त मालात तो फार खरं बोलत नाही. आम्ही दहा मीटरच्या खाली क्वचित जातो, त्यामुळे चालेल. लुमेन हे उजेडाचं माप. दहा हजार आकडा खोटा समजा, आणि खरा असला तरी आमच्या कामाचा नाही. पहाटे धुक्यात एसटीचे मोठे दिवे लावले की समोर नुसती पांढरी भिंत दिसते ना, गढूळ पाण्यात तसंच होतं. आम्हाला बारीक झोताचा, साधा उजेड पुरतो.

टॉर्च दोन घ्या, आत्याबाई. तुम्हाला ही उधळपट्टी वाटेल. पण खाली एक विझला तर हात कुठे आणि तोंड कुठे तेही कळत नाही, म्हणून प्रत्येकाजवळ दोन लागतात. महागडा एक असण्यापेक्षा स्वस्तातले दोन बरे.

आल्यावर मागचं झाकण उघडून बघा. तिथे रबराची बारीक रिंग असते. तिच्यावर केस किंवा मातीचा कण असला तरी पाणी शिरतं. ती पुसून झाकण घट्ट लावा आणि टॉर्च रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. काचेच्या आत थेंब दिसला नाही तर पास.

कानाचं मशीन घ्या म्हणून मी दर पत्रात लिहिते आणि तुम्ही दर पत्रात ते वाक्य गाळून उत्तर देता. याही वेळी लिहिते. बाबा सांगत होते, परवा चार वेळा हाक मारली आणि तुम्ही ज्वारी निवडत बसल्या होत्या.

तुमच्या रागासकट तुमची,
खुशबू


दिघोरी,
१७ सप्टेंबर २०२४

चि. खुशबू हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

दोन्ही टॉर्च आले. भय्याजींनी जोडीला एक चिठ्ठी दिली आहे. तिच्यावर चिनी भाषेत काही लिहिलं आहे आणि खाली इंग्रजीत, पण ती इंग्रजी मी कॉलेजात शिकले ती नव्हे. एकदा दाबलं की पूर्ण उजेड, दुसऱ्यांदा दाबलं की मंद, तिसऱ्यांदा उघडझाप. बंद कसा करायचा ते लिहिलेलं नाही, किंवा लिहिलं आहे आणि मला समजलं नाही. पहिल्या दिवशी मी तो शेवटी गोधडीत गुंडाळून ठेवला. गोधडी गरम झाली तेव्हा सुगतने काढला आणि बटण दाबून धरलं, तेव्हा विझला. काय केलं विचारलं तर म्हणतो, काही नाही ताई, दाबलं. माझ्या हातून मात्र तो प्रत्येक वेळी उघडझापीवर जाऊन अडकतो. यामागचं कारण तुला माहीत असेल तर कळव.

तुझी बादलीची परीक्षा दोघेही पास झाले. पण मला ती परीक्षाच वाटत नाही. बादली हातभर खोल. तू जाणार तळाला. चाचणी परीक्षेचे गुण बघून मी कधी कुणाला वरच्या वर्गात घातलेलं नाही. तेव्हा आज संध्याकाळी एकेक टॉर्च आपल्या विहिरीत तळापर्यंत सोडणार आहे. या पावसाने विहीर काठोकाठ आहे. टॉर्चच्या दोरीच्या भोकातून जाड दोर जात नाही, म्हणून माझ्या निरोपसमारंभाची मोरपंखी काठाची साडी, जी उंदराने कुरतडली, तिचा काठ फाडून टॉर्चला बांधला आहे आणि काठाला दोर. तो काठ मजबूत आहे. सरकारी शाळेत सत्तावीस वर्षं शिकवल्याबद्दल मिळालेली साडी आहे, निदान एवढं तरी काम करेल.

निकाल पुढच्या पत्री.

वेळेवर झोपावं. आशीर्वाद आहेतच.

बेबीनंदा


दिघोरी,
१९ सप्टेंबर २०२४

चि. खुशबू हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

कालपासून मी गोंधळले आहे आणि मला गोंधळायची सवय नाही. म्हणून माझ्या बाजूने जे घडलं ते क्रमाने लिहिते. तुझ्या बाजूचं तू लिही.

परवा संध्याकाळी पहिला टॉर्च तळाला जाऊन आला, पास झाला. दुसरा सोडला तो उघडझाप करतच गेला, कारण मला तो थांबवता आला नाही. वर ओढताना दोर हलका लागला. गाठ माझी होती, ती सुटली आणि टॉर्च काठासकट तळाशी राहिला. बादली काढायचा गळ टाकून बघितला, पण जमलं नाही. सुगतला सांगितलं नाही, तो हसला असता. तो उठण्याआधीच, अंधारात, पहिल्या गाडीने लाखांदूरला गेले, भय्याजींना विचारायला की हा किती वेळ जळेल, आणि मोठा गळ आणायला. मोबाईल घरी चार्जिंगला होता. तसाही तो मला ऐकू येत नाही.

दुपारी उतरले तर आपल्या विहिरीभोवती अख्खं गाव. पोलीस पाटील, तुमची जीप, दगडी पाळीवर दोर, सगळं. मी विचारलं, कोण पडलं? शेजारची बायजाबाई माझ्या दंडाला हात लावून लावून बघू लागली, आणि मग खालीच बसली. तुझा बाप बाजेवर पालथा पडला होता. मी त्याला उठवायला लागले तर तो माझे पाय धरून लहान मुलासारखा रडू लागला. मला काही केल्या समजेना. तेवढ्यात पाण्यातून एक काळं डोकं वर आलं. तोंडावरची काच काढली तेव्हा कळलं की तू.

तू मला बघितलंस. पाळीवर चढलीस, टॉर्च माझ्या हातात दिलास. तो अजून उघडझाप करत होता. काही न बोलता जीपमध्ये जाऊन बसलीस. मी चहा ठेवला, तू उतरली नाहीस. भूपेंद्र सरांनी मला हात जोडले आणि गाडी निघाली.

नंतर बायजाबाईने सांगितलं ते असं. फटफटायच्या सुमाराला ती पाण्याला आली, तर विहिरीच्या तळातून उजेड लागे, विझे, लागे, विझे. ती सांगत सुटली की मास्तरीणबाई आत हायेत, खालून बलावून राहिल्या. माझ्या विहिरीवरच्या स्लीपर पाळीवर होत्या, मी बाहेरच्या चपला घालून गेले होते. घरात मोबाईल वाजत होता. गावातला परसराम उतरून बघून आला, तळाशी त्याचा दम टिकला नाही, चिखल ढवळून पाणी मात्र गढूळ झालं. म्हणून तुम्हाला फोन.

इतकं समजलं. तू का बोलली नाहीस, ते समजलं नाही. माझी चूक आहे हे मला कळतं, पण तू रागावली आहेस की आणखी काही, ते कळत नाही. लवकर लिही.

बेबीनंदा


कारधा,
२४ सप्टेंबर २०२४

ती. आत्याबाई यांस,
सविनय जयभीम वि. वि.

रागावले नव्हते. दोनदा लिहायला बसले आणि कागद फाडला.

फोन आला तेव्हा फक्त दिघोरी, विहीर, एक बाई, एवढंच सांगितलं होतं. लाखांदूरच्या पुढे गेल्यावर बाबांचा फोन लागला. ते फक्त ताई, ताई म्हणत होते. भूपेंद्र सरांनी मला वर थांबायला सांगितलं. घरचं माणूस असलं की उतरायचं नाही, असा आमचा नियम आहे. पण अमरचा कान दुखत होता, सर दोर धरणार होते, तिसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं मी जाते. ते कसे हो म्हणाले, मला आता आठवत नाही.

पाणी दुधासारखं झालं होतं. पथकाचा मोठा टॉर्च लावला तर समोर नुसती पांढरी भिंत. म्हणून तो विझवला आणि तळाच्या उघडझापीकडे हाताने चाचपडत गेले. उजेड लागला की चिखल दिसायचा, विझला की काहीच नाही. एकदा लागला तेव्हा मोरपंखी काठ दिसला. पाण्यात हलत होता.

तुमचं पत्र, ज्यात त्या काठाचं लिहिलं होतं, ते तेव्हा वाटेत कुठेतरी होतं. मला दोन दिवसांनी मिळालं.

मी काठ धरला. पुढे तुमचा हात लागेल म्हणून काठाच्या बाजूने जात राहिले. काठ संपला आणि पुढे काहीच नव्हतं. मग तळावर सगळीकडे हात फिरवला. मला समजेना की तुम्ही कुठे आहात. किती वेळ फिरवला माहीत नाही, वरून सरांनी दोराला झटके दिले तेव्हा आले. आणि वर तुम्ही उभ्या, हातात पिशवी, विचारत होत्या की कोण पडलं.

मला बोलता आलं असतं तर मी काय बोलले असते, तेही मला अजून समजलेलं नाही.

त्यानंतर मी पाण्यात उतरलेले नाही. सर काही म्हणत नाहीत, दोर धरायला देतात. परवा उतरायची पाळी होती तर मास्क लावल्यावर श्वास अडकला. दसऱ्याची वाट बघायला नको, आत्याबाई. तुमचं मत तेच माझं. बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरते. तुम्हाला हवं होतं ते झालं, आता तरी जेवून घ्या. बाबा म्हणतात तुम्ही नीट जेवत नाही.

खुशबू


दिघोरी,
३० सप्टेंबर २०२४

चि. खुशबू हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

तुझं पत्र मी सुगतला वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच त्याच्या हातात दिलं. त्याने ते पूर्ण केलं. मग तो बराच वेळ विहिरीच्या पाळीवर जाऊन बसला.

मला जे हवं होतं ते झालं, असं तू लिहितेस. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा तसंच वाटलं. रात्री जेवायला बसले आणि बरं वाटेना. गेले तीन दिवस बरं वाटत नाही, आणि ते का, हे शोधायला मला तेवढेच दिवस लागले. तू नदीत बुडशील अशी भीती मला होती. ती अजून आहे. पण त्या दिवशी गावाने मला पाण्याखाली गृहीत धरलं होतं, आणि तुला काही दिसत नसताना तू तळावर हात फिरवत राहिलीस. मी तिथे नव्हते. पण कुणीतरी कधीतरी असेल, आणि त्याची आत्या नाहीतर मुलगी वर पाळीवर असेल. त्या वेळी खाली कुणी उतरावं, हे मला आता विचारलंस तर माझ्याजवळ तुझ्याशिवाय नाव नाही. हे मला आवडत नाही. पण खोटं कशाला लिहू.

म्हणून माझं मत बदललं आहे. भीतीपोटी अर्ज भरू नकोस. भीती गेल्यावर भरायचा असला तर भर, मी फीचं बघते. भूपेंद्र सरांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे की तुला आधी उथळ, स्वच्छ पाण्यात उतरवावं, घाई करू नये. मुलं घाबरलेली असली की मी त्यांना पहिल्या धड्यापासून शिकवायची, आणि मग ती मागे राहत नसत.

दोन्ही टॉर्च या पत्राबरोबर भंडारा गाडीचे वाहक योगेंद्र यांच्या हाती पाठवते. रिंगा पुसल्या आहेत. दुसराही पास झाला, रात्रभर आणि पुढची सगळी सकाळ तळाशी राहून काचेत एक थेंब नाही, हा निकाल तूच आणून दिलास. बंद करायला बटण दाबून धरायचं, मोजून तीन. सुगतने शेवटी शिकवलं. दोघांना पिवळा नायलॉनचा दोर बांधला आहे. ती साडी मी जाळली. माझ्या कुठल्याही कपड्याचा तुकडा तुला पुन्हा पाण्यात दिसणार नाही.

आणखी एक. मागच्या सोमवारी भंडाऱ्याला जाऊन कानाचं मशीन बसवून घेतलं. जग फार आवाज करतं, हे मी विसरले होते. बायजाबाई पाळीवर माझ्याबद्दल काय काय बोलते तेही आता समजतं. पहिल्याच दिवशी घरात मोबाईल वाजला आणि मी एवढी दचकले की दूध सांडलं. विजेच्या बिलाचा होता.

तर पाण्यात उतरण्याआधी आणि वर आल्यावर, दोन्ही वेळा फोन करायचा. मी उचलीन. पत्रं मात्र सोडू नकोस, अक्षर अजून सुधारायचं आहे.

तुझी आत्या,
बेबीनंदा